आतला जोड

2025च्या जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाला आठवडा असताना, आमच्या चेंबूरच्या सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला. ज्यांच्या घरात कोणी स्वातंत्र्यसैनिक, सैनिक किंवा पोलीस आहे किंवा होतं, त्यांनी नावं कळवावीत, झेंडावंदनानंतर शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा आहे. नसल्यास तसं लिहावं, म्हणजे यादी पुरी होईल. मी तेव्हा हार्बरच्या गाडीत होतो. एका हातात वरची कडी, दुसऱ्यात फोन, पाठीवरची बॅग पुढे घेतलेली. माझ्या आधी तिघांनी ‘नाही’ लिहिलं होतं. मीही अंगठ्याने ‘नाही’ टाइप केलं, पाठवलं, फोन खिशात टाकला. गाडीने रे रोड सोडलं होतं. पुढचं स्टेशन डॉकयार्ड रोड. डाव्या दारातून, पत्र्यांच्या आणि इमारतींच्या डोक्यावरून, गोदीच्या त्या क्रेन दिसल्या. रोज दिसतात. त्या दिवशी मात्र चोरी करताना ओळखीच्या माणसाने बघावं तसं झालं.

त्याच महिन्याच्या 15 तारखेला ‘नीलगिरी’ ही युद्धनौका नौदलात दाखल झाली होती. सोबत ‘सुरत’ आणि ‘वाघशीर’. टीव्हीवर दिवसभर तेच चालू होतं. आई साडीला फॉल लावत बसली होती. नाव कानावर पडलं तशी चष्म्यावरून बघत म्हणाली, “नीलगिरी? ती तर कधीच झाली की. तुझ्या जन्माआधी.” मी सांगितलं, ही नवी, नाव तेच ठेवलंय. “हं,” म्हणाली, “आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तसं.” आणि परत सुईत डोकं घातलं. म्हणजे आईला आठवत होतं. मलाही आठवत होतं. तरी पाचव्या दिवशी माझा अंगठा ‘नाही’ म्हणून मोकळा झाला.

अण्णा वेल्डर होते. 1966 साली, विशीचे असताना, माझगाव डॉकमध्ये, युद्धनौका बांधणाऱ्या गोदीत, हेल्पर म्हणून लागले आणि 2004 साली तिथूनच निवृत्त झाले. संगमेश्वराकडचे. मुंबईला आले ते बोटीने, भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि म्हणायचे, “उतरलो तिथून चालत दहा मिनिटांवर कामाला लागलो, पुढे जायची गरजच पडली नाही.” राहायला घोडपदेवला चाळीत, दहा बाय बाराची खोली. ते लागले त्याच वर्षी पहिल्या ‘नीलगिरी’चा कणा घातला गेला. 1968ला ती पाण्यात उतरली, 1972च्या जूनमध्ये नौदलाकडे गेली. मग हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी, विंध्यगिरी. 1981च्या विंध्यगिरीपर्यंत सहा. आम्ही भावंडं पाढ्यांच्या जोडीला हे म्हणायचो. नीलगिरी-हिमगिरी-उदयगिरी एका दमात, मग श्वास, मग उरलेल्या तीन. पाहुण्यांना वाटायचं पोरं भूगोलात हुशार आहेत.

अण्णा मात्र ‘जहाज’ म्हणत नसत, ‘युद्धनौका’ तर नाहीच. ‘बोट’. “आज बोटीवर खाली टाकीत होतो,” एवढंच. देश हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकल्याचं आठवत नाही. पंधरा ऑगस्टला चाळीत झेंडा लागायचा, ते टोपी घालून मागे उभे राहायचे, पेढा घ्यायचे आणि ड्युटी असली तर निघायचे. अभिमान-बिभिमान त्यांच्या बोलण्यात नव्हता. बोलणं असायचं ते वेल्डिंगच्या रॉडचं. पावसाळ्यात रॉड दमट होतो. दमट रॉडने मारलेला जोड वरून देखणा दिसतो आणि आत बारीक बारीक पोकळ्या राहतात. म्हणून रॉड भट्टीत तापवून कोरडा करायचा आणि गरम असतानाच वापरायचा. या एका गोष्टीचा त्यांनी घरात इतका धसका घेतला होता की जून उजाडला की काडेपेट्या, पापड, मीठ आणि आमच्या वह्या, सगळं स्टोव्हच्या वरच्या फळीवर. माझ्या तिसरी-चौथीच्या वह्यांना रॉकेलचा वास यायचा. बाई वही हातात घेतली की नाक मुरडायच्या. मला लाज वाटायची. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, “पानं चिकटली का? नाही ना?”

त्यांची एक खोड होती. कुठेही दोन लोखंडं जुळलेली दिसली की उजव्या हाताचा अंगठा तिथे जायचा. बसचा दांडा, जिन्याचा कठडा, लग्नाच्या हॉलमधली खुर्ची. अंगठा जोडावरून एकदा पुढे, एकदा मागे फिरवायचा आणि मग चेहऱ्यावर निकाल. बहुतेक वेळा नापास. “घासून लपवलंय,” हा त्यांचा सगळ्यात वाईट शेरा. जोड वाईट असला तर चालेल, पुन्हा मारता येतो, पण ग्राइंडर फिरवून वर रंग मारला म्हणजे माणसाची नियतच खोटी. त्यांच्या कामाचा एक्स-रे निघायचा, खरोखरचा, फिल्मवर. त्यात पोकळी दिसली की तेवढा भाग खोदून काढून परत. आमच्याकडे कोणी डॉक्टरांनी एक्स-रे सांगितला म्हणून घाबरलेलं असलं की अण्णा म्हणायचे, “माझे शेकड्याने निघालेत.” आई साड्यांना फॉल-पिको करायची, आठ आणे, मग रुपया, मग पाच रुपये. रात्री जेवणं झाल्यावर अण्णा तिने लावलेला फॉल उलटा करून बघायचे. सुलट बाजू कधीच नाही, उलटी. त्यावरून अंगठा. आईला राग यायचा. “तुमचं पाण्यात जातं, माझं पायात येतं. साडीला कोण एक्स-रे काढतंय?” पण टाका सुटलेला असेल तर उसवून परत घालायची.

चाळीत अण्णांचा भाव वधारला तो एकाच दिवशी. 16 फेब्रुवारी 1980, सूर्यग्रहणाच्या. दुपारी रस्ते कर्फ्यू लागल्यासारखे ओस. खिडक्या बंद, पाण्यात तुळशीपत्रं. अण्णांनी वेल्डिंगच्या काचा घरी आणल्या होत्या, काळ्याभोर, पत्त्याच्या कॅटएवढ्या. आधी आम्ही दोघं भाऊ, मग शेजारची पोरं, मग धीर धरून पोरांचे बाप. गॅलरीत रांग लागली. अण्णा एकेकाच्या डोळ्यांपुढे काच धरत होते आणि आकड्यासारखं मोजत होते, “एक, दोन, तीन, बास, पुढचा.” काचेतून सूर्य हिरवा दिसायचा, चावलेल्या बिस्किटासारखा. आईला सहावा महिना होता. आजी गावाहून आली होती आणि तिने आईला आतल्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं. चिरायचं नाही, शिवायचं नाही, हालायचं नाही. आईच्या हातात सुई नाही असा तो मी पाहिलेला पहिला दिवस. रांग संपल्यावर अण्णा आत आले. आजी दाराशी माळ ओढत होती. त्यांनी खिडकीची फळी बोटभर उघडली, आईला खांद्याला धरून उठवलं आणि काच तिच्या डोळ्यांपुढे धरली. आजी ओरडली ते पार तळमजल्यापर्यंत गेलं असेल. अण्णांनी मोजणं थांबवलं नाही. फक्त आईसाठी ते तीनवर थांबले नाहीत. दहापर्यंत गेले.

बहीण मे महिन्यात झाली. धडधाकट, कुठे डाग नाही की व्यंग नाही. त्याच मे महिन्यात तारागिरी नौदलात गेली, त्यामुळे अण्णांच्या बोलण्यात दोन्ही गोष्टींची सरमिसळ व्हायची. “तिच्या वेळी फार धावपळ झाली,” म्हणाले की आई विचारायची, “कुठल्या तिच्या?”

मी त्यांना देव करून बसवतोय असं वाटायला नको. अण्णांबरोबर राहणं सोपं नव्हतं. शाळेच्या स्नेहसंमेलनाला ते कधी आले नाहीत. त्यांच्या शर्टांना ठिणग्यांची भोकं असायची, छातीवर चाळणी केल्यासारखी, आणि असा शर्ट घातलेला माणूस फाटकाशी दिसला की मी मित्रांना दुसऱ्या दाराने बाहेर नेत असे. 1982 साली गिरण्यांचा संप सुरू झाला. मामा लालबागच्या गिरणीत होता. पाच-सहा महिन्यांनी तो, मामी आणि दोन मुलं आमच्याकडे आली, ती दीड वर्ष राहिली. दहा बाय बारात नऊ-दहा माणसं. अण्णा आणि मामा गॅलरीत झोपायचे, पावसात गोणपाट लावून. अण्णांनी मिळेल तेवढा ओव्हरटाइम घेतला, रविवारी बाहेर ग्रिलची कामं धरली. संपात सगळी चाळच बसलेली आणि यांचा पगार पहिल्या आठवड्यात हातात, याचंच त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. पगाराच्या दिवशी ते मागच्या जिन्याने यायचे. वाण्याकडे मामाच्या नावाने वेगळी वही होती आणि ती अण्णा भरतात हे मामाला माहीत होतं, पण दोघं एकमेकांशी त्यावर कधी बोलले नाहीत. मला त्या दिवाळीत बूट मिळाले नाहीत. मी ते विसरलो नव्हतो. नऊ वर्षांच्या पोराला संप कळत नाही, बूट कळतात.

रविवारच्या त्या कामांवर साहित्य दुसऱ्याचं, घाई, वेल्डिंग करताना तोंडापुढे धरायच्या स्क्रीनची काच तडकलेली. एका रविवारी रात्री मी जागा झालो तर अण्णा उठून बसले होते. डोळे मिटलेले, गालांवरून पाणी. मला वाटलं रडतायत. वेल्डिंग डोळ्याला लागलं की लगेच कळत नाही. माणूस घरी येतो, जेवतो, झोपतो, आणि मध्यरात्री पापण्यांखाली रेती भरल्यासारखं होतं. आईने दिवा न लावता बटाटा किसला, फडक्यात बांधला आणि दोन्ही डोळ्यांवर ठेवला. किसणीचा तो खरखर आवाज आणि कच्च्या बटाट्याचा ओला मातकट वास. अण्णा म्हणाले, “पोरांना उठवू नकोस.” सकाळी साडेसहाला गेले, नेहमीसारखे. डोळे लाल. डबा हातात.

बारावीनंतर मला पुण्याच्या एका खाजगी कॉलेजात इंजिनीअरिंगला जायचं होतं. देणगी परवडणार नव्हती, अण्णांनी सरळ नाही म्हटलं. मी अठरा वर्षांचा होतो. म्हणालो, “लोकांच्या बोटी बांधण्यात जन्म घातलात. स्वतःला एक खोली वाढवता आली नाही.” आई स्वयंपाकाच्या ओट्याशी थबकली. अण्णा कोपऱ्यात डबा घासत होते, आपला डबा ते स्वतः घासायचे. त्यांनी डबा पालथा घातला, हात पुसले आणि म्हणाले, “लोकांच्या नाही.”

एवढंच. पुढे वाक्य नाही.

मी त्याचा अर्थ लावत बसलो नाही. बी.कॉम. केलं, फोर्टात नोकरी लागली, चेंबूरला कर्जाने घर घेतलं, दोघांना तिथे आणलं. निवृत्तीनंतर एका संध्याकाळी, वीज गेलेली असताना, त्यांनी आपणहून एक गोष्ट सांगितली. एकाहत्तरच्या डिसेंबरची. मुंबईत ब्लॅकआउट होता, काचांना काळे कागद, गाड्यांचे दिवे अर्धे रंगवलेले. नीलगिरी पाण्यात होती, आतली कामं चालू होती, सहाएक महिने बाकी. रात्रपाळी संपवून ते अंधारात भिंतीला हात लावत घोडपदेवला यायचे. एके दिवशी बातमी आली की नौदलाची ‘खुकरी’ बुडाली. 9 डिसेंबरला, दीवच्या समुद्रात, कॅप्टन मुल्लांसकट दीडशेच्या वर माणसं. खुकरी इथे बांधलेली नव्हती, यांचा तिला कधी हातही लागलेला नव्हता. “पण दुसऱ्या दिवशी,” अण्णा म्हणाले, “खाली टाकीत उतरलो. पत्र्याला हात लावला. तोवर मी पत्र्याला पत्रा जोडत होतो. मनात आलं, याच्या बाहेर पाणी असतं आणि आत माणसं असतात.” थोडा वेळ गप्प बसले. “पोरं तिशीच्या आतली असतात रे सगळी.” मग वीज आली. पंखा फिरायला लागल्याबरोबर ते उठून दूध बघायला गेले.

1997ला नौदलाने जुनी नीलगिरी लक्ष्य म्हणून समुद्रात नेली आणि क्षेपणास्त्र मारून बुडवली, सरावासाठी. मला वाटलं होतं, अण्णांना वाईट वाटेल. मी बातमी जरा जपूनच सांगितली. ते म्हणाले, “भंगारात गेली नाही ना? शेवटपर्यंत कामाला आली.” वर त्यांना किंचित गंमतही वाटत होती, असा माझा संशय आहे, की ती किती वेळ तरंगली असेल.

विंध्यगिरीचं वेगळं झालं. 30 जानेवारी 2011, रविवार. मुंबई बंदरात एका मालवाहू जहाजाशी टक्कर झाली, आग लागली, दुसऱ्या दिवशी ती धक्क्यालाच कलंडून बुडाली. टीव्हीवर तिरपी झालेली करडी बोट आणि धूर, तेच तेच दृश्य. अण्णांनी मला आवाज बंद करायला सांगितला. ताट पुढे होतं, भाकरीचा तुकडा मोडलेला, तो तसाच. पहिला प्रश्न विचारला, “आतली माणसं?” मी सांगितलं, सगळी बाहेर आली, कोणीही दगावलं नाही. त्यांनी मला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी वैतागून म्हटलं, “अहो अण्णा, सगळे वाचले.” तेव्हा त्यांनी तो तुकडा आमटीत बुडवला.

पुढच्या रविवारी मला म्हणाले, घारापुरीला जाऊ. अख्ख्या आयुष्यात त्यांनी आम्हाला घारापुरीला नेलं नव्हतं. कोकणातला माणूस, बोटी बांधणारा माणूस, आणि समुद्रात सहल म्हणून कधीच नाही. गेटवेवरून लाँच पकडली. वरच्या मजल्याचे जास्तीचे पैसे त्यांनीच काढून दिले. सगळे लोक गेटवेचे आणि ताजचे फोटो काढत होते, सीगल्सना कुरकुरे टाकत होते. अण्णा उलट बाजूला, कठड्याला धरून, नौदलाच्या गोदीकडे तोंड करून उभे. लांब करड्या बोटींची रांग दिसत होती, धुक्यात मिसळलेली. त्यांच्यातून विंध्यगिरी काही दिसली नाही. दिसणारही नव्हती, एवढ्या लांबून, इतक्यांच्या आड. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत असणार. लाँच वळेपर्यंत ते तसेच राहिले. उजवा अंगठा कठड्याच्या जोडावर होता, पण फिरत नव्हता. लेणी बघायला वर चढलेच नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. खाली धक्क्यावर बसून दोघांनी मीठ-तिखट लावलेली कैरी खाल्ली आणि परतीच्या लाँचने आलो. माझ्या आयुष्यातली त्यांच्याबरोबरची एकमेव सहल.

2016ला ते गेले. शेवटचे चार दिवस हॉस्पिटलमध्ये होते, बोलणं जवळजवळ थांबलं होतं. तिसऱ्या रात्री मी उशाशी बसलो होतो. त्यांचा हात चादरीबाहेर आला, कॉटच्या दांड्यावर गेला, अंगठा एकदा पुढे, एकदा मागे. डोळे न उघडता म्हणाले, “घासलंय.”

तर तो ‘नाही’. पाच-सहा दिवस तो मला ग्रुपवर तसाच दिसत राहिला. 25 तारखेला संध्याकाळी मी सेक्रेटरींना वेगळा मेसेज केला: माझे वडील 1966 ते 2004 माझगाव डॉकमध्ये वेल्डर होते, पहिल्या सहाही गिरींवर त्यांनी काम केलं. लिहून झाल्यावर वाचलं तर अर्जासारखं वाटलं, अण्णांनी कधी न केलेल्या अर्जासारखं. तरी पाठवलं. उत्तर लगेच आलं. माणूस चांगला आहे. छानच, हे माहीत नव्हतं, पण नावांची यादी छापायला गेली, शाली मोजून आणल्यात, पुढच्या वर्षी नक्की. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. झेंड्याखाली उभं राहून मी काय सांगणार होतो? ग्रहणाचं? बुटांचं?

आईला सांगितलं. ती खिडकीजवळ बसली होती, अजूनही महिन्याला दोन-चार साड्या घेते, डोळे साथ देतात तोवर. आधी विचारलं, “शाल कसली होती? लोकरीची?” मग म्हणाली, “ते काही गेले नसते पुढे. नारळ पाठवला असता तर घेतला असता.” तिने साडी उलटी केली आणि फॉलवरून अंगठा फिरवला. एके ठिकाणी थांबली, टाका उसवला, दोरा परत ओवायला घेतला. मी ओवून दिला.

“ती नवीन नीलगिरी,” दोरा ओढत म्हणाली, “तिचे जोड आता मशीनच मारत असेल ना?”

म्हटलं, मशीन असेल, माणसंही असतील.

“माणसं असतील तर घरी बटाटा ठेवा म्हणावं.”